ह्या वर्षी मधून खेळणार

माझ्या साडूंइतका आशावादी माणूस उभ्या आयर्लंडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने कृपा करून आमच्याकडे मुक्कामाला येऊ नये. एकट्या साडूंच्या आशेनेच आमचा डब्लिनमधल्या सँडीफोर्डचा दोन बेडरूमचा फ्लॅट भरून जातो. आशा बढतीची, घराची, मुलीच्या परीक्षेची, अशी चारचौघांसारखी असती तर माझी तक्रार नव्हती. पण ह्या गृहस्थांना दर वर्षी जानेवारी संपत आला की ऑस्ट्रेलियातल्या एका फुटबॉल टीमबद्दल आशा वाटायला लागते. ती फेब्रुवारीत वाढते, मार्चमध्ये उतू जाते आणि एप्रिलमध्ये करपते. गेली अकरा वर्षं हे असंच चाललंय. त्या टीमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कुणी उच्चारलं की आमची ही गॅसवरचं चहाचं आधण खाली उतरवते.

साडू म्हणजे हिच्या ताईचे यजमान. मूळचे नागपूरचे, वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आयर्लंडला येण्याआधी चार वर्षं मेलबर्नला होते. तिथल्या पहिल्या थंडीत ताई व्हिसाची वाट बघत नागपूरला अडकलेली, आणि हे एका खोलीत भाताचा कुकर लावून भिंतीकडे बघत बसायचे. एका नर्सला दया आली आणि तिने जास्तीचं तिकीट हातात ठेवून यांना सामन्याला पाठवलं. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा होता, आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला. त्याने यांच्याकडे एकदा बघितलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला आणि पुढचे अडीच तास खेळ समजावून सांगितला. साडूंना त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण त्या शहरात त्यांच्याशी इतका वेळ बोललेला तो पहिलाच माणूस होता. पुढे चारही वर्षं ते त्याच्याच शेजारी बसले. आणि आता ऐका, कारण माझं डोकं इथे फिरतं. ती शेजारची खुर्ची माझ्या साडूंनी अजून सोडलेली नाही. माणूस राहतो वॉटरफोर्डला आणि दर वर्षी सबंध सीझनचे पैसे भरून खुर्ची राखून ठेवतो मेलबर्नला. अकरा वर्षं तिच्यावर म्हाताऱ्याचा थर्मास बसतो.

हा खेळ काय आहे हे मला विचारू नका, पण मला सांगावंच लागेल, कारण मला तो सक्तीने शिकवलेला आहे. मैदान लांबट गोल, चेंडू लांबट गोल, दोन्हीकडे अठरा अठरा माणसं. चेंडू लाथेने मारायचा नाहीतर मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून मारलात तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतोच. नेम चुकल्याबद्दल बक्षीस देणारा खेळ मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या पुण्यात नेम चुकला तर लोक चुकवणाऱ्याच्या खानदानापर्यंत जाऊन येतात. मी हे साडूंना सुनावलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, प्रयत्न दिसायला पाहिजे ना कुठंतरी."

दर वर्षी सीझनच्या आधी त्या टीमचा खेळायचा प्रकार बदलतो. म्हणजे बदलणार अशी बातमी येते. एका वर्षी ते उंच मारणार होते. एका वर्षी समोरच्याला दाबून धरणार होते. एका वर्षी तर, साडूंच्या शब्दांत, "काहीच न करता जिंकणार" होते, आणि त्यातला पहिला भाग त्यांनी मनापासून पाळला. ह्या वर्षी नवा प्रशिक्षक आला आणि त्याने जाहीर केलं की टीम मधून खेळणार. आजवर ती मैदानाच्या कडेकडेने, भिंत धरून चालणाऱ्या पेशंटसारखी सरकायची. आता चेंडू हातोहात द्यायचा आणि मैदानाच्या मधून सरळ पळत सुटायचं. ह्यात धोका इतकाच की चेंडू मध्ये हातून गेला, तर समोरच्याला रान मोकळं. "पण जाईल कशाला हातून?" असं साडू विचारतात. ते मला विचारतात. मी डब्लिनमध्ये बसून याचं काय उत्तर देणार?

ही नवी रचना त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवली. हिने शिऱ्यासाठी तळून ठेवलेले अठरा काजू म्हणजे यांची टीम आणि अठरा बेदाणे म्हणजे शत्रू. मैदान म्हणून प्रेसमधला आमचा लांबट ट्रे निघाला. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. वीस मिनिटं काजू मधून पळत होते, बेदाणे बाजूला होत होते, शिरा गार होत होता. मला भूक लागली होती. मी समोरचा एक काजू उचलून तोंडात टाकला. साडूंचा चेहरा असा पडला की मला वाटलं, हॉस्पिटलातून काही वाईट फोन आला. "तो आपला पुढचा मुख्य माणूस होता," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी शिरा खाल्ला नाही. मी मात्र दोनदा घेतला, रागाने.

तुम्ही म्हणाल, वेडा असेल, सोडून द्या. पण हा माणूस वेडा नाही, त्याचाच तर संताप येतो. बाकी सगळ्या बाबतीत हा इतका रोखठोक आहे की त्याला काही विचारायची सोय नाही. ऑपरेशनला आलेल्या पेशंटला सगळे डॉक्टर सांगतात, थोडंसं टोचेल. हे सांगतात, "दुखणार. किती ते सांगतो." आणि सांगतात. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, ह्यांनी उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवून "इथं ओल येऊन राहिली" असं सांगितलं. डिसेंबरात आली. हिने घाम गाळून पहिल्यांदा उकडीचे मोदक केले, तेव्हा मी चार खाऊन गप्प बसलो. साडूंनी एक खाल्ला आणि म्हणाले, "सारण छान. पारी जाड." हिने पुढची तीन वर्षं मोदक केले नाहीत. ती शिक्षा त्यांना होती, पण ते वॉटरफोर्डला राहत असल्यामुळे ती पूर्ण मीच भोगली.

तिकडे वॉटरफोर्डला त्यांचं आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे 'ग्रँड'. इथल्या माणसाला काहीही सांगा, तो ग्रँड म्हणतो, म्हणजे ठीक आहे, चालेल. पाऊस आला, ग्रँड. बस चुकली, ग्रँड. साडू त्यांच्या हॉस्पिटलातल्या शिपायाला तळमळून सांगतात की मधून खेळल्याने काय काय होऊ शकतं, आणि तो पाय न थांबवता "ग्रँड, डॉक्टर, ग्रँड" म्हणत स्ट्रेचर ढकलत निघून जातो. साडूंच्या मते ह्या एका शब्दाने ह्या देशातला वाद मेला. माझ्याशी वाद घालायला ते दीडशे किलोमीटर येतात ते त्यामुळेच. मला खरं बोललेलं आवडतं, तुम्ही निदान भांडता, असं ते म्हणतात. हे कौतुक आहे की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि फेब्रुवारीतला तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्या जवळच्या मैदानावर भर पावसात बारा वर्षांच्या आतल्या मुलींचा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे इथल्या देशी फुटबॉलचा, सामना चालला होता. खेळ वेगळा, पण साडूंना लांबूनच दिसलं की मधली जागा रिकामी आहे. गाडी थांबवायला लावली. छत्री नाही, काही नाही, कुंपणाला टेकून हे ओरडायला लागले, "मधून! अगं मधून जा ना!" तेही मराठीत. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने कौतुकाने विचारलं, यातली तुमची कुठली? हे म्हणाले, "कुठलीच नाही. मी रचना बघतोय." त्या बाईंनी मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेला उत्तर म्हणून मी एकच शब्द बोललो, ग्रँड, आणि साडूंचा कोट धरून त्यांना गाडीत कोंबलं.

तर असा हा माणूस. दर जानेवारीत त्याचा आणि म्हाताऱ्याचा फोनवर वाद व्हायचा. म्हाताऱ्याला कुठलीच नवी रचना पसंत नसते. देवाने पाय दिलाय तो मारायला, लांब मारा आणि मागे पळा, एवढंच त्याचं मत. साडू फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून ते मलाही पाठ आहे. पण ह्या वर्षी वाद रंगला नाही. म्हाताऱ्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो घराबाहेर पडतो तो फक्त सामन्याला. आणि आता त्याचे डोळे गेले. सगळे नाहीत, दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलं. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. "आणि तू सांगतोस टीम ह्या वर्षी मधून खेळणार," तो म्हणाला, "माझं नशीब पहिल्यापासून असलंच आहे, डॉक." स्वतःच हसला. मग म्हणाला, "खुर्ची सोडावी म्हणतोय. सोमवारपर्यंत कळवायचंय. शनिवारी त्यांचा सराव सामना आहे, दुसऱ्या गावाला. तू बघ आणि मला फोनवर सांग. खरंच काही बदललं असलं तर ठेवतो. तुला सांगतोय, कारण तू खोटं बोलत नाहीस."

साडूंनी फोन ठेवला. मग म्हणाले, "खुर्ची सोडली की हा घरातून निघणार नाही, साडूभाऊ. घरातून न निघणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय होते ते मी रोज पाहतो." मी म्हटलं, अहो, मग आत्ताच सांगून टाका की टीम झकास आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पारी जाड केली होती.

त्या शनिवारी साडू आणि ताई दोघं आमच्याकडे होते, कारण शुक्रवारी ताईच्या पासपोर्टचं बॉल्सब्रिजच्या आपल्या वकिलातीत काम निघालं होतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. आठ वाजता टेबलावर माझा लॅपटॉप, त्याच्या शेजारी फोन स्पीकरवर, आणि फोनच्या शेजारी पोह्यांची बशी. मला सुट्टीच्या दिवशी आठला उठवलेलं चालत नाही, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही. सामना सुरू झाला आणि साडू सांगायला लागले. इंग्रजी त्यांचं नागपूरचं, पण त्या दिवशी आवाजात असं काही आलं होतं की मीही पोहे सोडून ऐकत होतो.

पहिली दहा मिनिटं टीम खरोखरच मधून खेळली. आणि दर खेपेला चेंडू मध्येच हातून गेला आणि समोरचे मोकळ्या रानातून पळत जाऊन गोल मारून आले. एकदा, दोनदा, चारदा. साडूंचा आवाज अडखळला. म्हातारा म्हणाला, "काय चाललंय?" साडू म्हणाले, "चेंडू मधून चाललाय." तो खरोखरच मधून चालला होता, फक्त कुणाच्या हातात ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत हा माणूस घसरत घसरत पार तळाला गेला. न झालेला गोल झाला. पडलेला खेळाडू उठून पळाला. गर्दी उभी राहिली, जी प्रत्यक्षात घरी जायला उभी राहिली होती. अर्ध्या वेळेला आमचे नऊ होते आणि त्यांचे बावन्न, आणि आमच्या नवातले तीन नेम चुकल्याचे होते. 'आमचे' हा शब्द माझ्या डोक्यात कधी शिरला, हे मला कळलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. पण त्याहून मोठा राग ह्याचा की हिच्या मोदकांबद्दल चार गोड शब्द ज्याच्या तोंडून निघाले नाहीत, तो माणूस एका दारुण टीमबद्दल धडधडीत खोटं बोलत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझं पोट ज्यावर चालतं ते काम म्हणजे व्हिडिओ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचायला जो उशीर लागतो तो मोजणं आणि कमी करणं. इंटरनेटवरचं चित्र मैदानापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं, आणि म्हाताऱ्याला तर जे साडू सांगतील तेवढंच कळायला हवं. पण फोनवरून म्हातारा आधी "च्च" करायचा आणि मग, अर्ध्या मिनिटाने, आमच्या स्क्रीनवर गोल व्हायचा. मी तीनदा घड्याळ लावून बघितलं. तीनही वेळा तसंच. म्हाताऱ्याकडे रेडिओ होता. पहिल्यापासून चालू होता. मी पेन उचललं, कागदी रुमालावर 'रेडिओ' एवढं लिहिलं आणि साडूंकडे सरकवायला हात पुढे केला. साडू तेव्हा डोळे मिटून बोलत होते. स्क्रीनकडे बघायचंच त्यांनी सोडलं होतं. तिकडे जे चाललं होतं ते बाजूला ठेवून ते त्यांची ती काजूंची टीम सांगत होते, हातोहात, मधून, सरळ, कुणीही कुठे न अडवता. मी रुमाल परत ओढून घेतला आणि त्याला तोंड पुसलं.

सामना संपला. म्हातारा म्हणाला, "मग? कोण जिंकलं?"

साडूंनी पाण्याचा घोट घेतला. "हरलो," ते म्हणाले. "पण थोडक्यात."

"चौसष्टनी हरलो, डॉक. रेडिओ चालू आहे माझा."

साडूंचे कान लाल झाले. एवढा मोठा डॉक्टर, पण शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा बसला होता. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला कशाला बोलायला लावलं?"

"तू इतकं वाईट खोटं बोलतोस की फोन ठेववेना," म्हातारा म्हणाला. थोडा खोकला. मग म्हणाला, "सोमवारी फोन करून खुर्ची ठेवायला सांगतो. ही टीम तुला एकट्याला झेपायची नाही."

साडूंनी फोन बंद केला. मग समोरची गार झालेली बशी ओढून त्यांनी पोहे संपवले आणि हिला म्हणाले, "पोहे फार छान झालेत." ताई दारातच थांबली. इतक्या वर्षांत ते असं पहिल्यांदा बोलले होते. सामन्याच्या नादात ही त्या पोह्यांत मीठ घालायचंच विसरली होती, हे मला पहिल्या घासाला कळलं होतं. ही त्यांना "थँक्यू, भाऊजी" म्हणाली आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आपटत राहिली.

आता एप्रिल संपत आलाय आणि आशा ठरल्याप्रमाणे करपली आहे. टीम मधूनच खेळते आणि मधूनच हरते. म्हातारा त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतो, एका कानाला रेडिओ आणि दुसऱ्या कानाला साडू. शेजारी थर्मास. साडू पुन्हा खरं बोलायला लागलेत, मागच्या रविवारी मला म्हणाले की माझे केस मागून गेले. मी लुअस ट्रामने ऑफिसला जाताना उगाच स्कोर बघतो, आणि हरलेले दिसले की संबंध सोमवार वाईट जातो. ह्याचा जाब मी कुणाला विचारू?

परवा साडूंचा फोन आला होता. म्हणाले, एकदा तिकडे जाऊन यायचं आहे, थर्मास उचलून त्या खुर्चीवर बसायचं आहे. "पण जरा टीम नीट खेळू दे, साडूभाऊ. पुढच्या वर्षी नक्की. नवा प्रकार येऊन राहिला." मला त्यांना सांगायचं होतं की डॉक्टर, ही टीम नीट खेळायची वाट बघत बसलात तर तो म्हातारा शेजारच्या खुर्चीवर तुम्हाला भेटायचा नाही. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. जिभेवर आलं होतं. ते म्हणतात ना, की तुम्ही निदान भांडता. मी ग्रँड म्हणालो आणि फोन ठेवला.